साठाव्या ओळीखालची हळद

"वृषे, हळद कुठं ठेवलीस गं?"

हौसाक्कानं कढईवरची नजर न काढता हात माझ्याकडं पसरला. तेल तापलेलं, मोहरी तडतडायला लागलेली. आमटीची फोडणी म्हणजे आमच्याकडं स्वयंपाकाला असलेल्या हौसाक्काचं राज्य; तिथं कुणी उशीर केलेला तिला अजिबात खपायचा नाही.

"मसाल्याच्या पोत्यात असेल की," मी म्हटलं.

"पोतं उलटं करून बघितलं."

"मग निळ्या डब्यात बघ."

"निळ्या डब्यात जिरं हाय. आन् हिंगबी न्हाई कुठं. आता काय, तुझं नाव घेऊन फोडणी देऊ?"

मांडवामागं भाजी चिरत बसलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. मीही हसले. पाचशे पानांचं जेवण करायला आलेला आचारी हळद विसरतो, असं कधी होतं का? मग मी स्वतः पोतं उलटं केलं. डबे उघडले. टेम्पोत चढून ताडपत्री झटकली, सीटखाली हात घातला. तिथं एक पान्हा आणि काळं पडलेलं केळं सापडलं. हळद नव्हती. हिंग नव्हता. बासुंदीत घालायची वेलची नव्हती. वाढप्यांचे हातमोजेसुद्धा नव्हते.

याला आता बरीच वर्षं झाली, पण तो मांडव अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढं आहे. गाव केतकवाडी, धरणाच्या पाण्याकडेला डोंगरावर बसलेलं. यायचं तर घाट चढून, नाहीतर लाँचनं. बाजारपेठेपर्यंत जाऊन परत यायचं म्हटलं, तर इकडं लग्न लागून पाहुणे हात धुवून बसले असते. आणि हे सगळं मला आप्पांना सांगायचं होतं.

आप्पा म्हणजे माझे सासरे, तुपे आचारी. आमच्या भागात लग्न ठरलं की आधी आप्पांची तारीख घ्यायची आणि मग भटजींची, असं लोक म्हणायचे, आणि आप्पांना ते ऐकायला फार आवडायचं. त्यांनी आयुष्यात कधी यादी लिहिली नाही. दुकानात खुर्ची टाकून, डोळे मिटून बसायचे आणि एकेक जिन्नस बोलत जायचे. दुकानदार लिहून घ्यायचा. पण मी सून म्हणून आले तोवर गडबड सुरू झाली होती. एका लग्नात खोबरं दोनदा आलं, एका साखरपुड्यात गूळच आला नाही. आप्पा म्हणायचे, दुकानदार बहिरा झालाय.

लग्नाआधी मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. घरात बसून नुसत्या पोळ्या लाटायचा मला मनस्वी कंटाळा. मी सगळे जिन्नस एक्सेलमध्ये भरले. मेनू टाकायचा, पानं किती ते टाकायचं, की प्रत्येक जिन्नसाचं वजन आपोआप समोर. मला वाटलं, आप्पा पाठ थोपटतील. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "छाप बघू."

छापायला गेले आणि फजिती झाली. पहिल्या दोन पानांवर यादी आली, त्यामागून कोरं पान, परत कोरं पान, परत कोरं. कुठंतरी खाली, शे-दीडशे ओळींपलीकडं, माझ्याच हातून स्पेसबार दाबला गेला होता. त्या एका रिकाम्या जागेपायी मशीन तिथवरचं सगळं इमानदारीत छापत सुटलं होतं. आप्पा एकेक कोरा कागद उचलून उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "वा! ही बासुंदी दिसतेय. हा पांढरा रस्सा."

मला असा काही राग आला! दुसऱ्या दिवशी बसून मी मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे मशीनला एकदाच लिहून दिलेला हुकूम. मग बटण दाबलं की ते सगळं आपण होऊन करतं. माझ्या बटणावर लिहिलं होतं 'यादी काढा'. ते दाबलं की जिन्नस अ आ इ ई च्या क्रमानं लागायचे, छापायची हद्द आखली जायची आणि बरोब्बर दोन पानं बाहेर पडायची. एकही कोरं नाही. मी ती दोन पानं आप्पांच्या पुढ्यात ठेवली तेव्हा माझं नाक किती वर गेलं असेल, ते हौसाक्कालाच विचारा.

आप्पांनी पानं बघितली आणि म्हणाले, "ठीक आहे. केतकवाडीच्या शेलारांच्या लेकीचं लग्न तुझ्या कागदावर करू. पार पडलं तर धंदा तुझा. बुकिंग तू घ्यायचं, माल तू काढायचा. नाही पार पडलं, तर ते मशीन माळ्यावर जाईल आणि धंदा मी रंग्याला देऊन टाकीन."

रंग्या म्हणजे आप्पांचा पुतण्या. त्याच्या हातचा भात खाल्लेली माणसं पुढच्या पंगतीला पोळी मागतात. माझा नवरा पुण्यात नोकरीला, त्याला कढईतलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. म्हणजे मीच. मला हा धंदा हवा होता, अगदी मनापासून हवा होता. कुणाची सून म्हणून नव्हे, माझा म्हणून.

"चालेल," मी म्हटलं, "पण माझीही एक अट. कागदावर नाही ते टेम्पोत चढणार नाही. आणि माल भरताना तुम्ही मधे बोलायचं नाही. तुम्ही बोलता आणि सगळं डबल होतं."

"नाही बोलणार."

"शब्द?"

"शब्द," आप्पा म्हणाले.

आणि त्यांनी तो पाळला, हे मी स्वतः बघितलं होतं. आदल्या दिवशी आम्ही टेम्पो भरत होतो, मी कागदावर खुणा करत होते, आणि आप्पा ओट्यावर बसून बघत होते. एकदा त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. मला वाटलं, म्हातारा फुगून बसलाय. बसू दे.

तर आता मी मांडवामागं कणकेच्या पोत्यावर लॅपटॉप उघडून बसले. यादी वर आली. आणि तिथं हळद होती! हळद, हातमोजे, हिंग, हिरवी वेलची, चौघंही ओळीनं बसलेली, वजनासकट. मी कमरेला खोचलेला छापील कागद काढला. त्यावर शेवटची ओळ सोया सॉसची. त्याखाली काही नाही.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. मॅक्रो लिहिला त्या दिवशी माझी यादी नेमकी साठाव्या ओळीला संपत होती. मी हुकूम दिला होता : ए एकपासून ई साठपर्यंत छाप. साठ म्हणजे साठ. नंतर शेलारांनी पुण्याच्या व्याह्यांसाठी मंचुरियन आणि पास्ता सांगितला. मी कॉर्नफ्लोअर, पास्ता, व्हिनेगर आणि सोया सॉस असे चार जिन्नस भरले. सगळे आपापल्या अक्षराच्या जागी जाऊन बसले आणि शेवटच्या ह-वाल्या चौघांना साठाच्या खाली ढकलून मोकळे झाले. मशीननं सांगितलं तेवढंच केलं. घरात चार पाहुणे आले आणि घरच्याच चौघांना ओट्यावर झोपायला लागावं, तसं झालं होतं ते.

"काय झालं?" मागून आप्पांचा आवाज आला.

मी सांगितलं. कसंबसं, अडखळत सांगितलं. आता ओरडतील, आता म्हणतील बघ तुझं मशीन, म्हणून मी मान खाली घालून थांबले. उलट आप्पांच्या चेहऱ्यावर काहीतरी गंमत असल्यासारखं मला वाटलं.

"एवढंच ना? थांब, आलो," म्हणाले, आणि चपला घालून चांगले ताठ मानेनं गावात गेले.

पाच-दहा मिनिटांत परत आले ते वेगळेच आप्पा. कपाळाला घाम, मान खाली.

"दुकानाला कुलूप आहे," ते म्हणाले.

"कुणाच्या?"

"किराण्याच्या. गावात एकच दुकान. दुकानदार नवरीचा मामा निघाला. फेटा बांधून वऱ्हाड आणायला लाँचनं पलीकडं गेलाय, आणि किल्ली त्याच्या कमरेला."

हौसाक्कानं कढई खाली उतरवली होती आणि कमरेवर हात ठेवून ती आम्हा दोघांकडं बघत होती.

"आता गं?" ती म्हणाली. "नवऱ्यामुलाकडची मानसं पांढरी आमटी पितील, आन् जन्मभर सांगत फिरतील."

आप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढून तोंड पुसलं. "हौसा, बटाटे उकडायला टाक. बासुंदीत जायफळ घाल, ते आहे. वृषाली, दोन वाट्या घे. मी वरच्या आळीला जातो, तू खालच्या."

"आप्पा, तुम्ही नको. मी एकटी जाते."

"का? माझ्या पायाला काय झालंय?"

पायाला काही झालं नव्हतं. पण आप्पांनी कुणाच्या दारात जाऊन कधी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आणि आज ज्या गावाला जेवू घालायचं, त्याच गावात ते वाटी घेऊन निघाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खालच्या आळीत पहिल्याच घरी एक म्हातारी उंबऱ्यात बसून नातीची वेणी घालत होती. मी हळद मागितली. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"आचारीणबाई, जेवायला आमी तुमच्याकडं येनार, आन् हळद तुमी आमच्याकडं मागताय?"

"टेम्पोत चढवायची राहिली, आजी."

"आगं बया! आन् मीठ तरी आनलंय का?"

ती इतकी हसली की नातीची वेणी सुटली. पण उठली, आत गेली आणि वाटी शिगोशीग भरून आली. "औंदाची हाय. घरच्या शेतातली. वास घे," म्हणाली. खरंच काय वास होता! हळदीला त्या गावात तोटा नव्हता. तिसऱ्या घरापर्यंत मला पातेलं मागून घ्यावं लागलं.

रडवलं ते हिंगानं. हिंग म्हटलं की बायका हात हलवायच्या. कुणाकडं चिमूटभर, कुणाकडं डबीच्या तळाला चिकटलेला. एका घरात ओली बाळंतीण होती. ती म्हणाली, "आहे, पण बाळाच्या पोटाला लावायचा आहे." मग जरा विचार करून तिनं अर्धी डबी माझ्या वाटीत ओतली. "घ्या. आज पोरगं जरा दम धरील." मी त्या बाळाच्या पायाला हात लावून नमस्कारच केला.

वर चढून मारुतीच्या पारापाशी आले आणि थबकले. पारावर बापूसाहेब शेलार उभे होते, नवरीचे वडील. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मिशांचा माणूस. शेजारी घाट चढून नुकतेच आलेले चार-पाच पाहुणे. आणि त्यांच्यासमोर आप्पा, हातात वाटी.

"आप्पा!" शेलारांचा आवाज पाण्यापलीकडं गेला असेल. "हे काय चाललंय? लोक सांगतात, तुम्ही घरोघर हिंग मागताय म्हणून!"

पाहुण्यांनी कान टवकारले. मी धावतच पुढं झाले. "बापूसाहेब, चूक माझी..."

"तू गप गं," आप्पा म्हणाले. मग शेलारांकडं वळून त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरली. "मागतोय, बापूसाहेब. हळद-हिंग टेम्पोत चढवायचं राहिलं. विसरलो. माझी चूक."

"तुपे आचारी हळद विसरले?"

"विसरले."

एक पाहुणा हसला. मग दुसरा. शेलार मिशीवरून हात फिरवत निघून गेले. आप्पा माझ्याकडं न बघता मांडवाकडं चालायला लागले. इतक्या वर्षांचं नाव त्या माणसानं माझ्यापायी चारचौघांत खाली ठेवलं होतं, आणि मी पातेलं घेऊन त्यांच्या मागून चालत होते.

पण आमटी! हौसाक्कानं त्या हळदीची फोडणी दिली आणि वास पार मंडपात गेला. पंगत बसली. मी वाढायला फिरत होते, कान मात्र शेलारांकडं. ते व्याह्यांच्या पानापाशी उभे होते.

"घ्या, घ्या, अजून घ्या आमटी," ते सांगत होते. "बाजारची हळद आम्ही लग्नाच्या आमटीत घालूच देत नाही. गावातल्या घराघरातनं एकेक मूठ गोळा केलीय. आचाऱ्याला मी स्वतः पाठवलं होतं, वाटी देऊन! आमच्या लेकीला सगळ्या गावाचा आशीर्वाद पाहिजे की नको?"

"काय सुंदर पद्धत आहे हो!" विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसऱ्यांदा वाटी पुढं केली. माझ्या हातातला डाव पडायचाच बाकी राहिला. मंचुरियनला मात्र कुणी विचारलं नाही.

परतीला उन्हं कलली होती. टेम्पोत पुढं ड्रायव्हर, आप्पा आणि मी. मागं रिकाम्या पातेल्यांत हौसाक्का आणि बायका गाणी म्हणत होत्या. घाट उतरायला लागल्यावर मी सगळा धीर गोळा केला.

"आप्पा, शर्त मी हरले. घरी गेल्यावर लॅपटॉप माळ्यावर टाकते. रंग्याला निरोप द्या. पण तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलायला नको होतं."

"खोटं कुठं बोललो?"

"चूक तुमची म्हणालात ना?"

"मग? होतीच माझी."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते समोर रस्त्याकडं बघत होते.

"विसरलो म्हणालो, तेवढं खोटं. हळद राहिलीय हे मला काल टेम्पो भरतानाच दिसलं होतं. हिंगपण."

"काय?"

"तोंडापर्यंत आलं होतं. पण तूच म्हणालीस, मधे बोलायचं नाही. शब्द दिला होता."

"अहो आप्पा! पाचशे माणसं जेवायची होती!"

"ऐक तर. केतकवाडीत किराण्याचं दुकान आहे, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, सकाळी ही घाबरीघुबरी होऊ दे. मग मी ऐटीत जाईन, दोन पुड्या आणीन आणि हिच्या पुढ्यात ठेवीन. मशीन जन्माचं गप्प." आप्पांनी एकदा खाकरून घेतलं. "कुलूप बघितलं आणि मीच घाबराघुबरा झालो."

मला भयंकर संताप आला. आख्खा दिवस मी या माणसासमोर मान खाली घालून फिरले होते! मी तोंड उघडलं, काहीतरी सणसणीत बोलणार होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर ते कुलूप आलं, त्या कुलपासमोर ताठ मानेनं जाऊन उभे राहिलेले आप्पा आले, आणि मला हसूच फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. आप्पा आधी चोरट्यासारखे बघत होते, मग तेही खो खो हसायला लागले. ड्रायव्हरनं टेम्पो बाजूला घेतला, त्याला वाटलं आप्पांना ठसका लागला.

"आपण दोघं एका लेकीच्या लग्नात जुगार खेळलो गं," आप्पा डोळे पुसत म्हणाले. "बरं दिसलं नाही ते."

"नाही दिसलं," मी म्हटलं.

"उघड ते मशीन. कुठं चुकलं, दाखव मला."

मी मांडीवर लॅपटॉप उघडला. त्यांनी चष्मा लावला. साठ लिहिलेली ओळ मी त्यांना बोटानं दाखवली, आणि तिथल्या तिथं खोडली. "आता असं लिहिते, की आकडा बघू नकोस. पानाच्या अगदी तळाला जा, जिन्नसांच्या रांगेतून वर वर ये, आणि पहिला भरलेला जिन्नस लागला की थांब. तिथवर छाप."

"म्हणजे चार आले काय, चाळीस आले काय?"

"सगळे छापणार."

"आणि तू यादीत लिहायलाच विसरलीस तर?"

"तर नाही छापणार. त्याला काय कळतंय?"

"हं," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मला वाटलं, आता रंग्याचं नाव काढणार.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आवाज मोठा ठेवायची त्यांची सवय, त्यामुळं पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी तुपे आचाऱ्यांची तारीख मागत होतं, मुलाचं लग्न होतं. आप्पांनी मधेच त्याला थांबवलं.

"सूनबाईशी बोला. आता धंदा तिचा आहे."

आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडून 'हॅलो, हॅलो' चाललं होतं. मी पदरानं तोंड पुसलं, घसा साफ केला.

"बोला, वृषाली तुपे आचारी बोलतेय. कधीची तारीख आहे?"

"पानं किती, ते आधी विचार," आप्पा शेजारून म्हणाले, आणि मी ते विचारलं.